विडियाच्या करवतीला घरच्या घरी धार : कुठपर्यंत करावे, कुठे थांबावे

करवत ओढायला जड जाऊ लागली, काप काळा पडू लागला, जळका वास आला की आपले कारागीर बांधव दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर जोर लावून तसेच कापत राहतात, नाही तर चकती काढून ग्राइंडरच्या दगडावर धरतात. दोन्हींत नुकसान आहे. पहिल्यात मोटर जळते आणि हात घसरतो. दुसऱ्यात चकतीच जाते.

ज्याला आपण कारखान्यात विडिया म्हणतो तो शब्द जर्मन. क्रुप कंपनीने १९२६ मध्ये हे नाव घेतले. ‘वी डियामांट’, म्हणजे हिऱ्यासारखा, याचे ते लघुरूप. टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड कोबाल्ट धातूत बांधून भट्टीत भाजली की हा तुकडा तयार होतो. चकतीचे अंग पोलादाचे असते आणि दाताच्या टोकाला विडियाचा तुकडा चांदीचा डाख देऊन बसवलेला असतो. त्यावर लोखंडी कानस फिरवली तर कानसच गुळगुळीत होते. नेहमीचा राखाडी किंवा तपकिरी दगड पोलादासाठी असतो. विडियाला तो घासत नाही, नुसता तापवतो. हिरवा दगड, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा, घासतो खरा, पण कड खरबरीत राहते आणि टवके उडतात. विडियाला तोडीस तोड हिराच.

हे मी पैसे मोजून शिकलो. धंदा कापडाचा, पण दुकानाच्या फळ्या स्वतःच करण्याची हौस. १० इंची चकती तपकिरी दगडावर धरली, टोक लाल झाले, ते लगेच पाण्यात बुडवले. विडिया जितका कठीण तितकाच ठिसूळ. एकदम थंड झाला की तडकतो, आणि तो तडा डोळ्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कापताना एक दात उडाला आणि भिंतीत रुतला. अल्लाहचा करम, समोर कोणी उभे नव्हते.

तेव्हा सुरुवात धुण्यापासून करावी. बोथट वाटणाऱ्या पुष्कळ चकत्या नुसत्या राळेने माखलेल्या असतात. मशीनची पिन काढून चकती उतरवावी, धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, जुन्या दातघाशाने घासावी, लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा. मग भिंगातून एकेक दात उजेडाकडे करून पाहावा. धारदार कड चमकत नाही. कडेवर पांढरी रेघ चमकली तर तेथे धार गोल झाली आहे असे समजावे. सागात सिलिका असते, प्लायवूड आणि एमडीएफमध्ये डिंक, म्हणून या मालावर धार लवकर जाते. कागद कापलेली कात्री मलमलीवर चालत नाही, तसेच काहीसे.

रेघ केसासारखी बारीक असेल तर काम घरी होते. ४०० ते ६०० नंबरची हिऱ्याची चपटी कानस घ्यावी. चकती लाकडी पट्टीला घट्ट आवळावी, पहिल्या दातावर खडूची खूण करावी. कानस पाण्याने ओली करून दाताच्या समोरच्या तोंडावर सपाट टेकवावी आणि चार-पाच हात द्यावेत. जितके हात पहिल्या दाताला, तितकेच शेवटच्याला. काही चकत्यांचे तोंडही एक आड एक तिरके असते. तेथे कानस त्या तिरकेपणाला चिकटूनच चालावी.

दाताच्या माथ्याला मात्र घरी हात लावू नये. सगळे माथे एका उंचीत असले तरच प्रत्येक दात आपला वाटा कापतो. एक उंच राहिला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि लाकडावर ओरखडे उठतात. शिवाय फाडणीच्या २४ दाती चकतीचा माथा बहुधा सपाट असतो, तर ६० दाती प्लायवूडच्या चकतीचा एक आड एक तिरका. हा कोन नजरेने सांभाळता येत नाही. रेघ जाड झाली असेल, कड तुटली असेल, दात निखळला असेल, तर चकती डायमंड चाकाची मशीन असलेल्या धारवाल्याकडेच द्यावी. चकती पार बोथट होईपर्यंत चालवून मग दिली तर प्रत्येक दात जास्त घासावा लागतो. विडियाची जाडी तेवढी कमी होते आणि चकतीचे आयुष्यही.

घरात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विडियाच्या पुडीत कोबाल्ट असतो. ती छातीत गेली की दमा होतो, फुप्फुसे कडक होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइड यांच्या मिश्र पुडीला बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. म्हणून हातानेच, ओले करून घासावे. कोरडे ग्राइंडर घरात चालवू नये. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवा. पूड फुंकू नये, झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून फडके फेकून द्यावे. कामाचा सदरा तेथेच उतरवावा आणि हात धुतल्याशिवाय पोराला उचलू नये. जागा पडवीची असावी, स्वयंपाकघराला लागून नको.

हिशेबाचे म्हणाल तर ४ इंची चकतीला मशीनची धार सहसा परवडत नाही. घरी दोन-तीनदा कानस फिरवावी आणि नवी घ्यावी. १० आणि १२ इंचीची गोष्ट वेगळी. त्या घेतानाच बोटाएवढा जाड विडिया कोणी मागत नाही, पण पातळ तुकड्याची स्वस्त चकती दोन धारांत संपते, हे दुकानदाराला दाखवून भाव करावा. जुन्या बाजारातून चकती घेताना तर आधी भिंग काढून विडिया किती उरला आहे ते पाहावे, रंग आणि शिक्का नंतर.