निसर्गाची जमाखर्चाची वही

घोटी म्हटले की तांदळाची बाजारपेठ आठवते. तिथल्या व्यापाऱ्याच्या वहीत एका बाजूला जमा असते, दुसऱ्या बाजूला खर्च. निसर्गाचीही अशीच एक वही आहे. जन्मलेले आणि बाहेरून आलेले जीव जमेला. मेलेले आणि निघून गेलेले खर्चाला. दोहोंची तोंडमिळवणी होते तोवर कोणत्याही जीवाची संख्या साधारण टिकून राहते.

आवणीच्या दिवसांतले भाताचे खाचर पाहा. पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्रभर बेडकांचे डराव डराव चालते. मोठ्या बेडकाची एक मादी हजारो अंडी घालते. ती सारी जगली तर थोड्याच वर्षांत घोटीत पाय ठेवायला जागा उरायची नाही! पण तसे होत नाही. अंड्यांवर आणि पिलांवर मासे टपलेले असतात, मोठ्या बेडकांवर बगळे आणि दिवड साप. शिवाय गर्दी वाढली की अन्न अपुरे पडते; म्हणजे गर्दीच गर्दीला आवर घालते. एखाद्या साली पावसाने दगा दिला तर बेडूक घटतात, पण पुढचा चांगला पावसाळा ती तूट भरून काढतो. जमाच एवढी मोठी, की खर्च वाढला तरी परवडतो.

सगळ्यांचेच असे नसते. घोटीच्या उत्तरेला, त्र्यंबकेश्वराजवळ अंजनेरीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. जमा अगदी तुटपुंजी. तरी भागत होते, कारण मोठे झालेले गिधाड पुष्कळ वर्षे जगते.

मग काय झाले? १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत जेमतेम एक उरली. लांब चोचीची शंभरांत तीन-चार राहिली. कारण उलगडले ते २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. सूज आणि दुखणे कमी व्हावे म्हणून जनावरांना डायक्लोफेनॅक टोचत. असे जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत.

तुम्ही म्हणाल, अशी कितीशी जनावरे असणार? खरे आहे. शास्त्रज्ञांचा हिशेब असा, की शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्याही शरीरात हे विष नसले तरी, म्हणजे प्रमाण त्याहून कमी असले तरी, एवढा संहार होऊ शकतो. कारण एका जनावरावर अख्खा थवा उतरतो, आणि प्रत्येक गिधाड वर्षभरात कितीतरी जनावरांवर जेवते. खर्च थोडासाच वाढला. पण जमा तुटपुंजी, म्हणून दिवाळे निघाले.

आणि निसर्गात रिकामे ताट फार वेळ रिकामे राहत नाही. गिधाडे गेली, त्या जागी भटकी कुत्री आली. कुत्री एका वेतात अनेक पिले देते. तिची वही बेडकाच्या वळणाची! पण गिधाडांचा थवा जनावर जसे लवकर साफ करी, तसे कुत्र्यांना साधत नाही. उलट त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे भय गावात येते.

२००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध हाती आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात, म्हणून २०१५ साली त्यांवरही बंधन आले. गिधाडांना घातक ठरलेली आणखी दोन औषधे, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

तरी घाई करून भागणार नाही. यंदा अंजनेरीच्या कड्यावर उडालेले पिलू स्वतः अंडे घालील ते पाचएक वर्षांनी. तोवर त्याला जगू देणे आपल्या हाती आहे. गोठ्यातली गाय आजारी पडली, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा, 'साहेब, हे औषध गिधाडांना चालेल ना?'