आमदारांकडे काय मागावे, विमा कंपनीकडे काय मागावे?

शहाद्यातील व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

दुकानाला आग लागली किंवा गोदामात पाणी शिरले की आपल्याकडे पहिली धाव नगरसेवकाकडे असते, दुसरी आमदारांकडे. विमा कंपनीची आठवण तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते, तीही कोणी विचारले तर. तोवर भिजलेला माल फेकून दिलेला असतो, जळालेले सामान आवरलेले असते आणि नुकसानीचा पुरावाच उरलेला नसतो. मग भरपाई मिळाली नाही की आमदारांनी काही केले नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. कोणाचे काम काय आहे, हे एकदा नीट समजून घेतले तर निम्मे नुकसान टळेल, असे आम्हाला वाटते.

आमदारांच्या हातात काय आहे?

शहादा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत येथून श्री. राजेश पाडवी निवडून आले. मतदार म्हणून त्यांच्याकडे जाण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. परंतु विमा हा विषय घटनेच्या केंद्रीय सूचीत, ४७ व्या क्रमांकावर आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आणि कंपन्यांवर देखरेख ठेवण्याचे काम विमा नियामक प्राधिकरणाचे. आमदारांच्या पत्राने नामंजूर झालेला दावा मंजूर होत नाही.

मग आमदारांकडे जायचेच नाही काय? जरूर जायचे, पण योग्य गोष्ट मागायला. दावा ज्या कागदांवर उभा राहतो ते बहुतेक सर्व कागद राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या कचेऱ्यांत तयार होतात. तलाठ्याचा पंचनामा, पोलीस ठाण्यातील फिर्यादीची प्रत, अग्निशमन दलाचा दाखला, सरकारी दवाखान्याचा शवचिकित्सा अहवाल, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती. यांपैकी कोणताही कागद विनाकारण अडला असेल तर आमदारांच्या एका फोनचा उपयोग होतो. म्हणून त्यांच्याकडे जाताना ‘आम्हाला भरपाई मिळवून द्या’ असे मोघम सांगू नये. ‘अमुक तारखेला अर्ज केला, अमुक दाखला अद्याप मिळालेला नाही’ असे लेखी निवेदन पोच घेऊन द्यावे.

सरकारी मदत आणि विमा यांतही फरक आहे. २०२१ च्या महापुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार व टपरीधारकांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. दुकानात दोन लाखांचा माल असो की वीस लाखांचा, मर्यादा तीच. ती मदत असते, भरपाई नव्हे. आणि ती मिळेलच असे आधी कोणी लिहून देत नाही.

मनातील शंका

आपल्या समाजात विम्याचा विषय निघाला की ‘हे जायज आहे काय?’ हा प्रश्न येतोच. तो टाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. प्रचलित व्यापारी विम्यात व्याज, जुगार व अनिश्चितता यांचा अंश असल्याने उलेमांचा त्यावर मूळ आक्षेप आहे. १९८५ मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाजायज ठरवून परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा जायज मानला. त्याच तत्त्वावर सुदान, मलेशिया वगैरे देशांत ‘तकाफुल’ची पद्धत वाढली. भारतात मात्र अशी कंपनी नाही.

आपल्या देशातील परिस्थिती ध्यानात घेऊन इस्लामिक फिकह अकादमी, इंडियाने १९९२ च्या आझमगढ येथील परिषदेत या प्रश्नाचा विचार केला. दंगलींमुळे मुसलमानांची जान-माल, उद्योग व व्यापार धोक्यात असल्याने मजबुरीच्या स्थितीत विम्याची मुभा असल्याचा निर्णय तेथे झाला. कायद्याने सक्तीचा असलेला वाहनाचा विमा, केवळ धोक्यापुरता दुकानाचा विमा आणि बोनस देणारी आयुर्विम्याची पॉलिसी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फतवा देणे हे आमचे काम नाही. आपली पॉलिसी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे सांगून भरवशाच्या आलिमांना विचारावे. मात्र शंका आहे म्हणून विचारायचेही नाही आणि विमाही घ्यायचा नाही, ही परहेजगारी नव्हे, चालढकल आहे.

दुकान, कारखाना आणि माल

१ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. एका जागेवरील इमारत, यंत्रे व माल मिळून किंमत पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल व तोडफोड यांचा तिच्यात समावेश होतो. पण साध्या घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. गोमाईच्या काठच्या वस्तीत धंदा करणाऱ्याने पुराचे कलम आणि बाजारपेठेतील दुकानदाराने दंगलीचे कलम पॉलिसीत आहे की नाही, हे स्वतः वाचून किंवा वाचवून घ्यावे.

रक्कम कमी दाखवण्याची सवय फार महाग पडते. समजा दुकानात दहा लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा पाच लाखांचा काढला. आगीत दोन लाखांचा माल जळाला. दुकानदार म्हणतो, ‘विमा पाच लाखांचा, नुकसान दोनच लाखांचे, पूर्ण मिळाले पाहिजे.’ परंतु निम्म्या मालाचा विमा म्हणून नुकसानही निम्मेच, म्हणजे एक लाखच मिळते. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढची नाही. ईदच्या किंवा लग्नसराईच्या आधी माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवून घ्यावी.

पुढील गोष्टी आजच तपासाव्यात :

१) पत्ता. विमा दुकानाचा आणि माल दुसऱ्या गल्लीतील गोदामात असेल तर त्या गोदामाला संरक्षण नाही. दोन्ही पत्ते लिहून घ्यावेत.

२) घरातील धंदा. शिलाई, बांगड्यांचा माल किंवा गादीचा कापूस घरातच ठेवणारे पुष्कळ आहेत. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल धरला जात नाही. पिंजारी बांधवांना तर कापसाचा धोका सांगायला नकोच. काय ठेवतो, ते अर्जात स्पष्ट लिहावे.

३) गिऱ्हाइकाचा माल. शिंप्याकडील कापड, गॅरेजमधील गाडी, दुरुस्तीस आलेला पंखा हा तुमचा माल नव्हे. परक्याचा माल ताब्यात असतो, हे पॉलिसीत नमूद केले नाही तर त्याची भरपाई मिळणे कठीण.

४) बँकेचा विमा. कर्ज घेतले की बँक विमा उतरवते आणि हप्ता खात्यातून कापते. पॉलिसीची प्रत मात्र पुष्कळांनी पाहिलेलीही नसते. प्रत मागून घ्यावी. पत्ता, रक्कम व मुदत तपासावी.

५) हप्त्याची पावती. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटाच्या हाती रोख देऊन निर्धास्त राहू नये. धनादेश परत गेला तर पॉलिसीचा आधार राहत नाही.

६) वहीखाते. बिलाशिवाय घेतलेला माल जळाला तर तो होता, हे सिद्ध कसे करणार? विकत घेण्याची बिले, साठ्याची वही व जीएसटीचे विवरण यांचा मेळ असला पाहिजे. त्यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा मुनिमाकडे असावी. दुकानाबरोबर वही जळाली तर रडून उपयोग नाही.

नुकसान झाले तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. फोटो काढावेत. कंपनीचा सर्वेअर पाहून जाईपर्यंत खराब माल फेकू नये. चांगला माल मात्र वेगळा काढून वाचवावा, तीही आपलीच जबाबदारी आहे.

टेम्पो आणि यात्रा

तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय रस्त्यावर वाहन आणणे हा गुन्हा आहे. केळी, पपई, कापूस, मिरची यांच्या वाहतुकीवर जगणारे अनेक बांधव आहेत. मालाच्या टेम्पोत सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा लग्नाच्या वरातीला माणसे बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. मालाबरोबर बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढाच अपवाद. अपघात झाला तर बाकीच्यांची भरपाई मालकाच्या टेम्पोतून, घरातून व जमिनीतून जाते. चालकाचा परवाना, गाडीचे फिटनेस व परमिट यांच्या तारखाही पॉलिसीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

घरच्या माणसांचा विमा

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा १८ ते ७० वर्षांच्या माणसाला आहे. अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंशाने किंवा झाडावरून पडून आलेला मृत्यूही त्यात येतो, मात्र दवाखान्याचे कागद हवेत. ४३६ रुपयांच्या पंतप्रधान जीवन ज्योती विम्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. त्यात १८ ते ५० वर्षांपर्यंत नाव घालता येते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेर खात्यात पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते मयतीनंतर कळते. मे महिन्यात खात्यात पाचशे रुपये शिल्लक ठेवणे एवढेच काम आहे. बायकोला व मुलांना खाते कोणत्या बँकेत आहे हे माहीत असू द्यावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. येथे आपली अडचण नावाची असते. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर आडनाव पिंजारी किंवा मणियार. आजारपणात हे कागद दुरुस्त होत नाहीत. शिधापत्रिका, आधार, बँक व पॉलिसी यांवर नाव एकसारखे करून घ्यावे. नामनिर्देशनही पाहावे. लग्नाआधी आईचे लावलेले नाव तिच्या इंतकालानंतरही तसेच राहते आणि वारसांना खेटे घालावे लागतात.

दावा नाकारला तर

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. नंदुरबार जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील नको. घरच्या विम्याबरोबरच एकट्याच्या मालकीच्या दुकानाची व सूक्ष्म उद्योगाची तक्रारही तेथे चालते. मर्यादा ५० लाख रुपयांची आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, पण एकाच तक्रारीसाठी दोन्ही दारे एका वेळी ठोठावता येत नाहीत. विमा प्राधिकरणाचा १५५२५५ हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आमची सूचना साधी आहे. व्यापारी बांधव, कारागीर व मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींनी मिळून आमदारांकडे एकच मागणी करावी : तहसील, पुरवठा व आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांना एका दिवशी मोहल्ल्यात बसवून शिधापत्रिकेतील नावांच्या दुरुस्तीचे व आरोग्य कार्डाचे शिबीर घ्यावे. हे त्यांच्या अधिकारातले काम आहे, त्याला त्यांनी नकार देण्याचे कारण नाही. आणि त्या दिवशी येताना प्रत्येकाने आपली पॉलिसीही सोबत आणावी. पुष्कळांना ती त्या दिवशी प्रथमच उघडून पाहावी लागेल. ती आग लागण्याआधी उघडलेली बरी.