मीटर कुठं पळतो? रायगडच्या किनाऱ्यावरच्या विजेच्या गमती

चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली, कारण इथं वीज नव्हती! पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत, कुलाब्याला चालायची. पुढं घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहानं नाजूक उपकरणं बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये समुद्रापलीकडं नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड टाळलेलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये, तोवर शास्त्रज्ञांनी दोन्हीकडची मोजणी ताडून घेतली होती. आज त्याच अलिबागेत मे महिन्याचं लाइटबिल हातात आलं की घरोघरी एकच प्रश्न असतो: एवढं आलंच कसं?

वीज तयार करण्यात मात्र रायगड जुना खेळाडू. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही तिन्ही जलविद्युत केंद्रं याच जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. वीज जायची मुंबईला. भिऱ्याचं पाणी येतं मुळशीच्या धरणातून, घाट उतरून. टर्बाइन फिरवून झालं की ते कुंडलिकेत सुटतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर, आणि रेवदंड्याला तेच समुद्राला मिळतं. मुळशीच्या या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ मध्ये त्यासाठीच उभा राहिला. युनिट जपून वापरावं असं मला वाटतं, त्यात बिलाइतकाच वाटा या इतिहासाचा आहे.

आणि घारापुरी? मुंबईचे दिवे समोर लखलखताना दिसायचे, बेटावर मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये.

आता घरात येऊ. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. एवढं गणित आलं की मीटरची सगळी गुपितं उघडतात. बिल वाढवणारी मंडळी तीनच: पाणी तापवणारी, हवा गार करणारी आणि मोटर फिरवणारी. दिव्यांवर आपण उगाच डाफरतो. २० लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दीड दिवस अखंड जळेल! परसात बंब असेल तर नारळाची सोडणं आणि वाळक्या झावळ्या आजही हे काम युनिटाशिवाय करतात. नसेल तर उन्हावर चालणारा सोलर हीटर आहेच.

एसीचं तर किनाऱ्यावर वेगळंच शास्त्र आहे. देशावर चालणारा एअर कूलर नागाव-काशीदला का चालत नाही? हवेत आधीच इतका ओलावा, की पाणी उडून गारवा यायला वावच उरत नाही. हाच ओलावा एसीला दमवतो. बाहेरच्या नळीतून टपटपणारं पाणी पाहिलंय ना? ते खोलीच्या हवेतून पिळून काढलेलं असतं. एक लिटर पाणी असं गोळा करायला एसीला साधारण एक पंचमांश युनिट मोजावं लागतं. म्हणून पावसाळ्यात ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नका. न्हाणीघराचं दार बंद ठेवा, खिडकीच्या फटी बुजवा. तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २०२० पासून नवे एसी कारखान्यातून २४ अंशांवर लावूनच येतात. सोबत पंखा मंद ठेवला तर २६ लाही झोप छान लागते. आणि खारा वारा! तो बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्यांवर मीठ चढवतो, पत्रे गंजतात, उष्णता बाहेर पडत नाही, मशीन जास्त वेळ चालतं. वीज बंद करून गोड्या पाण्यानं अधूनमधून धुतलं तर बिल आणि एसी दोन्ही वाचतात.

पंखा गरीब वाटतो, पण चोवीस तासांतले बारा तास तोच फिरतो. जुना ७५ वॅटचा पंखा महिन्याला २७ युनिटं खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ११. असे तीन बदलले की महिन्याला ४८ युनिटं हातात. यातली खरी गंमत टप्प्यांत आहे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना स्वस्त, त्यापुढच्या टप्प्याला जवळपास दुप्पट. वापर शंभराच्या वर असेल तर वाचणारं युनिट वरचं, म्हणजे महाग टप्प्यातलं असतं, आणि त्यावरचं १६ टक्के वीजशुल्कही त्याच्याबरोबर जातं.

सेट-टॉप बॉक्स रिमोटनं ‘बंद’ केला तरी तो सुमारे १० वॅट ओढतच राहतो: महिन्याला सात युनिटं. बटण भिंतीवरचं दाबा.

विहिरीचा पंप घराच्याच मीटरवर असेल तर एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. टाकी वाहत राहिली की पाण्याबरोबर तेही गटारात. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवून टाका. वाडीत आळ्यांवर झावळ्या-सोडणांचं आच्छादन घातलं की ओल टिकते, पंप कमी वेळा लावावा लागतो.

मासळीचं काय? फ्रीजरमध्ये बर्फाचा थर साचला की कॉम्प्रेसर जास्त चालतो, तो वेळेवर काढायलाच हवा. कोळीवाड्यातल्या सुक्या बोंबलांना, सोड्यांना आणि जवळ्याला तर फ्रीजरच लागत नाही. उन्हात खडखडीत वाळले, हवाबंद डब्यात गेले की अख्खा पावसाळा तयार. हे तंत्र मला सगळ्यांत हुशार वाटतं.

छपरावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. किनाऱ्यावर मात्र ठेकेदाराला दोन प्रश्न आधी विचारा: सांगाडा गंजरोधक आहे का, आणि वादळी वाऱ्यात तो टिकेल का? ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-मुरुडकडचे पत्रे, कौलं आणि विजेचे खांब एका दुपारीत झोपवले होते.