आरसी-४ बंद झाल्यावरचा सोमवार

सकाळी साडेसात

मुख्य कार्यालयाची मेल आली आहे: ठरल्याप्रमाणे पहाटे पाच वाजता सर्व डोमेन कंट्रोलरवर आरसी-४ हा जुना एन्क्रिप्शन प्रकार बंद. हे व्हायलाच हवं होतं. कर्बेरॉसमध्ये, म्हणजे तिकिटं देऊन ओळख पटवणाऱ्या आमच्या यंत्रणेत, आरसी-४ ची की म्हणजे पासवर्डचा नुसता एमडी-४ हॅश. कुणीही सर्व्हिस तिकीट मिळवावं आणि निवांत बसून पासवर्ड शोधत राहावं, इतकी ती कमकुवत. एईएसची की काढताना त्याच पासवर्डवर सॉल्ट मिसळून ४०९६ फेऱ्या होतात. आरएफसी ८४२९ नं आरसी-४ ला २०१८ सालीच बाद ठरवलं होतं.

सव्वानऊ

विंडोजवाले कामाला लागले. सांबाचा शेअर उघडतोय, ड्रॉइंग दिसताहेत. लिनक्सच्या गणनयंत्रांकडूनही तक्रार नाही, पण त्या शांततेवर माझा विश्वास नाही. तिकिटाची मुदत सहसा दहा तासांची असते. काल मध्यरात्री लॉगिन केलेल्यांची तिकिटं अजून जिवंत आहेत. ती संपतील तसतशी खरी परिस्थिती कळेल.

पावणेअकरा

"सर, रात्रीपासून चाललेलं सिम्युलेशन थांबलंय. परवानगी नाकारली म्हणतंय." पाठोपाठ दुसरा फोन. फोल्डर तोच, डिस्क तीच. विंडोजवरून ती फाइल उघडते, लिनक्सवरून एनएफएसनं उघडत नाही. अशा वेळी लोक फोल्डरच्या परवानग्या बदलायला धावतात, आणि त्या निस्तरण्यात पुढचा आठवडा जातो. म्हणून माझी पहिली सूचना: कुणीही कशाला हात लावू नका.

आधी घड्याळं पाहिली. पाच मिनिटांहून जास्त तफावत असली तर कर्बेरॉस कुणालाच ओळख देत नाही. सगळी जुळत होती. मग एका गणनयंत्रावरून एनएफएस सर्व्हिसचं तिकीट मागितलं. उत्तर स्वच्छ होतं: या एन्क्रिप्शन प्रकाराला केडीसीचा (तिकिटं देणाऱ्या सेवेचा) पाठिंबा नाही.

सर्व्हर एकच, पण डिरेक्टरीत त्याची खाती दोन. सांबा मशीनचं खातं वापरतो आणि त्याचा पासवर्ड स्वतःच अधूनमधून बदलतो, त्यामुळे त्याच्या एईएस की केव्हाच तयार झाल्या. एनएफएसचं खातं वेगळं, २००६ साली बनवलेलं. त्याचा पासवर्ड तेव्हापासून कुणी बदललेला नाही. विंडोज सर्व्हर २००८ च्या आधीच्या डोमेन कंट्रोलरना एईएस ठाऊकच नव्हतं, आणि नव्या की पासवर्ड बदलतानाच तयार होतात. म्हणजे या खात्याजवळ वापरता येण्याजोगी फक्त आरसी-४ ची की होती आणि पहाटे पाचला ती निकामी झाली.

साडेअकरा

व्यवस्थापक येऊन उभे राहिले. "दोन तासांपुरतं आरसी-४ परत चालू करता येईल का?" त्यांची अडचण खरी आहे, गणितं अडली की ग्राहकाची तारीख हुकते. तरीही मी नाही म्हटलं. एका खात्यासाठी साऱ्या डोमेनचं दार किलकिलं करायचं नाही, आणि फक्त त्या खात्यापुरतं उघडलं तरी ते परत लावायला पुढे कुणाला सवड होत नाही. दोष खात्यात आहे, तो खात्यातच दुरुस्त होईल. "तीनपर्यंत वेळ द्या," म्हटलं.

सव्वाबारा

खात्याच्या एन्क्रिप्शन प्रकारांची किंमत २४ केली, म्हणजे फक्त एईएसचे दोन प्रकार. पासवर्ड नवा दिला. माझ्या तरुण सहकारिणीनं जुन्या टिपणाप्रमाणे सर्व्हरवर तोच पासवर्ड टाकून कीटॅब, म्हणजे सर्व्हरजवळची कीची फाइल, बनवली. आता तिकीट मिळू लागलं. तिकीट आणि सेशन की दोन्ही एईएस-२५६. माउंट मात्र होईना. सर्व्हरच्या लॉगमध्ये आलं: डिक्रिप्शनची अखंडता तपासणी फसली.

एक

कर्बेरॉसची मांडणी मनात पक्की नसली तर दिवस इथेच अडकतो. केडीसी सेशन कीच्या दोन प्रती पाठवतो. एक क्लायंटला वाचता येईल अशी. दुसरी तिकिटाच्या आत, सर्व्हिसच्या कीनं बंद केलेली. तिकीट तपासताना सर्व्हर केडीसीला विचारत नाही, आपल्या कीटॅबमधल्या कीनं ते उघडतो. ती की वेगळी असली तर क्लायंटकडे सगळं ठीक दिसतं आणि सर्व्हरला सेशन की कधी दिसतच नाही.

पासवर्ड तोच, आवृत्ती क्रमांक तोच, प्रकार तोच. मग की वेगळी कशी? सहकारिणीला ट्रेस चालू करून त्या खात्यानं किनिट करायला सांगितलं. ट्रेसमध्ये केडीसीनं कळवलेला सॉल्ट दिसला: डोमेनचं नाव आणि त्यापुढे खात्याचं नाव. कीटॅब बनवणाऱ्या साधनानं मात्र डोमेनपुढे 'एनएफएस' आणि सर्व्हरचं पूर्ण नाव जोडून की काढली होती. आरसी-४ मध्ये सॉल्टच नाही, म्हणून ते टिपण इतकी वर्षं बिनचूक ठरलं. "म्हणजे सर, पासवर्ड बरोबर असून की चुकीची!" ती म्हणाली. तिला हे मी सांगण्याआधीच उमगलं, याचा मला फार आनंद झाला.

सव्वादोन

योग्य सॉल्ट देऊन कीटॅब पुन्हा बनवली. आरसी-४ ची जुनी नोंद तिच्यात मुद्दाम राहू दिली. पहाटे पाचच्या आधी दिलेली तिकिटं तीन वाजेपर्यंत जिवंत आहेत. ती त्या जुन्या कीनंच उघडतील आणि कुणाचं चालू काम तुटणार नाही. तीननंतर ती नोंद काढायची. थांबलेली सिम्युलेशनं शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे सुरू झाली.

चार

चहा घेताना सहकारिणीनं विचारलं, "सेशन कीचं पुढे सांबा आणि एनएफएस दोघंही सारखंच करतात का?" नाही. सांबाचा प्रोटोकॉल एसएमबी सहीसाठी सेशन कीचे पहिले १६ बाइट घेतो, एसएमबी ३.१.१ मध्ये एईएस-२५६ एन्क्रिप्शन ठरलं तरच पूर्ण की वापरतो. एनएफएसमध्ये जीएसएसचा संदर्भ तयार होतो आणि सही किंवा एन्क्रिप्शन त्याच्या कीमधून होतं. दोन फाइल-यंत्रणा एकाच कर्बेरॉसवर असूनही एक बंद पडते आणि दुसरी चालू राहते, तेव्हा आधी खातं, मग कीटॅब आणि त्यानंतर हा फरक पाहावा. तिनं जुनं टिपण खोडून नवं लिहायला घेतलं, सॉल्टची ओळ सगळ्यात वर.

सहा

डोमेन कंट्रोलरच्या लॉगमधल्या ४७६९ क्रमांकाच्या नोंदी चाळल्या. ज्यांत सकाळच्याच अपयशाचा कोड, शून्य-एक्स-ई, आहे तेवढ्याच ठेवल्या. अजून दोन खाती निघाली: एक स्कॅनरचं, एक जुन्या बॅकअपचं. बॅकअप रात्री अकराला सुरू होतो, म्हणून त्याचा पासवर्ड आत्ताच बदलतोय. स्कॅनरसाठी लेखा विभागाकडून उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे.