सिंक बदलताना सांडपाण्याचा मार्ग नीट आखा

खेड्यांतील अनेक घरांत जुन्या मोरीच्या जागी आता उभा ओटा व पोलादी सिंक बसविण्यात येत आहे. घरात नळ आल्यामुळे पाण्याचा वापरही वाढला आहे. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाच्या वाट्यास २७५ लिटर पाणी येते व त्यापैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे २२० लिटर पाणी, सांडपाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी भिंतीलगत मुरले तर पाया ओलावतो. गल्लीत सोडले तर डास वाढतात व शेजाऱ्यांत तंटे उभे राहतात. म्हणून सिंक बदलावयाचे झाल्यास त्याखालील नळीचा मार्गही त्याच वेळी तपासून घेणे अगत्याचे आहे.

उंचीचा मेळ

नवे सिंक पुष्कळदा जुन्यापेक्षा खोल असते. त्यामुळे त्याचे तोंड खाली येते; भिंतीतील भोक मात्र पूर्वीच्याच उंचीवर राहते. मग नळी वर चढवून त्या भोकात घातली जाते. अशा नळीत पाणी साचते, खरकटे व तेलकट थर धरतो आणि थोड्याच दिवसांत ती तुंबते. याचा त्रास घरातील स्त्रियांना सोसावा लागतो. सिंकखाली बादली ठेवावी आणि ती दिवसातून अनेकदा बाहेर रिती करावी, हे काम त्यांच्याच वाट्यास येते.

हे टाळण्यासाठी सिंक पक्के बसविण्यापूर्वी ते जागेवर ठेवून मापे घ्यावीत. भिंतीतील भोक पाणसापळ्यातून पाणी बाहेर पडते त्या पातळीच्या खाली असावे. जुने भोक उंच पडत असल्यास नवे पाडावे व जुने सिमेंटने बुजवावे. उघडे राहिलेल्या भोकातून उंदीर व विंचू घरात शिरतात.

नळीची जोडणी

सिंकखाली वाकडा पाणसापळा अवश्य बसवावा. त्याच्या वळणात राहणारे पाणी बाहेरची दुर्गंधी व किडे अडविते. मात्र एका नळीवर दोन सापळे बसवू नयेत. त्याने पाण्याची गती मंदावते. पुढील नळीस दर मीटरला २ ते २.५ सेंटिमीटर उतार द्यावा व तो पाणसळीने पाहावा. काटकोनी वळण घ्यावे लागल्यास एकाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे घ्यावीत. घड्यांची लवचीक नळी स्वस्त पडते. पण तिच्या घड्यांत तेलकट मळ बसतो व ती मध्येच झोळ धरते. लांब अंतरासाठी ती वापरू नये.

सर्व तुकडे प्रथम कोरडेच जुळवून पाहावेत व नंतरच चिकटवावेत. सांधे वाळल्यावर सिंक काठोकाठ भरून पाणी एकदम सोडावे व प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर सांधा गळतो असे समजावे. ही परीक्षा झाल्यावाचून गिलावा करू नये.

बाहेरची व्यवस्था

भिंतीबाहेर झाकणाची लहान कुंडी बांधावी व तीत जाळी ठेवावी. खरकटे व तेल तेथेच अडते. ही कुंडी आठवड्यातून एकदा साफ करावी. कारण उष्ण हवेत क्युलेक्स डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ सुमारे ७ ते १० दिवसांत होते.

जमीन मुरमाड असल्यास कुंडीतील पाणी शोषखड्ड्यात सोडावे. स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तळाशी मोठे व वर लहान दगड भरावेत. खड्डा घराच्या पायापासून दूर आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर अंतरावर असावा. खणल्यावर त्यात पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर ती जागा सोडावी.

काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे ते परसबागेतील केळी, कर्दळ, नारळ यांच्या आळ्यांत आलटून पालटून सोडणे हिताचे ठरते. साबणातील क्षार एकाच जागी साठू देऊ नयेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांस हे पाणी देऊ नये. तसेच सिंकची नळी शौचालयाच्या शोषखड्ड्यास कधीही जोडू नये. जादा पाण्याने खड्डा लवकर भरतो व मैला कुजण्याच्या क्रियेत अडथळा येतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या घरी सिंक बदलण्याचे काम निघाले की गवंडी, नळजोडणी करणारे कारागीर व घरातील गृहिणी यांना एकत्र बोलावून या कामाचे प्रात्यक्षिक करावे. भोक पाडण्यापूर्वी घेतलेले अर्ध्या तासाचे माप पुढील कित्येक वर्षांची बादली वाचविते, आणि गल्लीत वाया जाणारे पाणी केळीच्या आळ्यापर्यंत पोहोचविते.