अर्धशिशीवर सुई की सुरी?

कपाळाच्या सुरकुत्या घालवून घेतलेल्या काही रुग्णांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांना अनपेक्षित गोष्ट सांगितली: त्यांची अर्धशिशी कमी झाली होती. १९९०च्या दशकात विल्यम बाइंडर यांना हे बोटॉक्स घेणाऱ्यांकडून कळलं, तर क्लीव्हलँडचे प्लास्टिक सर्जन बहमन ग्युरॉन यांना भुवया उचलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांकडून. आजचं इंजेक्शन आणि ऑपरेशन, दोन्हींची सुरुवात अशी झाली.

बोटॉक्स दीर्घकालीन अर्धशिशीसाठी आहे. म्हणजे महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललेलं असतं. त्याआधी गोळ्यांचा हिशेब मांडायला हवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ दिवस, किंवा ट्रिप्टान गटातल्या १० दिवस घेतल्या जात असतील, तर त्या गोळ्याच दुखणं वाढवत असण्याची शक्यता असते. हे न तपासता सुईकडे वळणं मला पटत नाही.

बोटॉक्स दर १२ आठवड्यांनी देतात. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ जागी बारीक सुईनं एकूण १५५ युनिट औषध टोचतात. स्नायू सैल पडतात, पण खरं काम मज्जातंतूंच्या टोकाशी होतं. वेदनेचा निरोप पुढे नेणारी सीजीआरपीसारखी रसायनं तिथून बाहेर पडणं रोखलं जातं. मान दुखणं, पापणी थोडी उतरणं असे त्रास होऊ शकतात. मात्र औषधाचा असर ओसरला की तेही ओसरतात.

ऑपरेशनमागचा तर्क असा, की डोक्याभोवतीचे स्नायू मज्जातंतूंना दाबतात आणि तिथून झटका सुरू होतो. म्हणून भुवईजवळचा स्नायू काढतात, कानशिलातल्या मज्जातंतूच्या एका फांदीचा तुकडा काढतात, डोक्याच्या मागचा मोठा मज्जातंतू स्नायूतून मोकळा करतात. काढलेला स्नायू परत येत नाही आणि बधिरपणा मागे राहू शकतो.

ग्युरॉन यांनी २००९ साली ७५ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतल्या २६ जणांना फक्त चीर दिली होती, आत काहीही कापलं नव्हतं. वर्षभरानंतर खऱ्या ऑपरेशनवाल्यांपैकी ८३.७ टक्क्यांचा त्रास निम्म्याहून कमी झाला होता, आणि नुसती चीर दिलेल्यांपैकीही ५७.७ टक्क्यांचा! दुखणं पूर्ण थांबण्यात मात्र मोठी तफावत होती: ५७.१ विरुद्ध ३.८ टक्के. आशा वाटावी असे आकडे आहेत, पण प्रयोग लहान होता. बोटॉक्सच्या कितीतरी मोठ्या चाचण्यांत डोकेदुखीचे दिवस महिन्याला सरासरी ८.४ ने घटले, तर खोट्या इंजेक्शननं ६.६ ने. म्हणजे खरा फायदा आहे, पण माफक. अमेरिकन हेडेक सोसायटीनं २०१३ साली सांगितलं, की ही शस्त्रक्रिया संशोधनाबाहेर सुचवू नये. ते मला योग्य वाटतं, कारण फसलेली सुई तीन महिन्यांत विरते, फसलेलं ऑपरेशन नाही.

कुणी ऑपरेशन सुचवलंच, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं, डोकेदुखीची रोजची नोंदवही सोबत न्यावी आणि सर्जनला थेट विचारावं: नेमका कुठला मज्जातंतू, त्याच जागी भूल दिल्यावर माझं दुखणं थांबतं का, आणि बधिरपणा राहिला तर तो किती भागात असेल?