नाताळचे झाड आपल्या डब्यात

मुलांनो, डिसेंबर उजाडला की पाचवीच्या वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, ते चित्रातलं नाताळचं झाड आपल्याकडं का नसतं?" यंदा मागच्या बाकावरून आणखी एक प्रश्न आला, "आणि आणलं तर जगवायचं कसं?" हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते, दुसऱ्याचे सविस्तर.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. 25 डिसेंबरला येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस साजरा करतात. त्यासाठी घरात झाड सजवण्याची चाल मूळची जर्मनीची. तिकडे डिसेंबरात बर्फ पडते. बहुतेक झाडांची पाने गळून नुसते खराटे उभे असतात. अशा दिवसांत हिरवी राहतात ती सूचिपर्णी झाडे, म्हणजे सुईसारख्या पानांची. म्हणून त्यांचे एवढे कौतुक. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे यजमान अल्बर्ट जर्मन होते. सजवलेल्या झाडाभोवती राणीचे कुटुंब उभे आहे असे चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले, आणि ही चाल तिकडे पसरत गेली.

आपल्याकडे पाहा, सगळे उलटे! मार्गशीर्षात कडुलिंब हिरवा, चिंच हिरवी, वड हिरवा. आपल्याला हिरव्या पानाचे अप्रूप वाटते ते चैत्र-वैशाखात, रान भाजून निघते तेव्हा. हे लक्षात ठेवा. कारण आपल्या झाडाची परीक्षा डिसेंबरात नाही, मे महिन्यात आहे.

आता झाड कोणते घ्यायचे? देवदार आणि चीड हिमालयातले, त्यांना थंडी लागते. कोकणात आणि मुंबईकडे पुष्कळ जण सुरूची फांदी आणून सजवतात. सुरू दिसतो सूचिपर्णी, पण तो सूचिपर्णी नव्हे. त्याची 'सुई' हलकेच ओढली तर सांध्यावर टक्कन तुटते, कारण ती सुई म्हणजे पान नसून बारीक डहाळी असते. शिवाय तोडलेली फांदी आठ दिवसांत वाळते, मग ती जगवायचा प्रश्नच उरत नाही.

शहरातल्या रोपवाटिकेत कुंडीत एक फार देखणे झाड मिळते, त्याला अरोकेरिया म्हणतात. एकावर एक छत्र्या ठेवाव्यात तशा त्याच्या फांद्या. त्यातली एक जात नॉरफोक बेटावरची. हे बेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात आहे, कॅप्टन कुक तिथे 1774 साली पोचला. चोहीकडे समुद्र, हवा कायम ओलसर. अशा बेटावरच्या झाडाला आपल्या धाराशिवच्या 40 अंशांच्या कोरड्या झळा सोसतील का? सावलीत ठेवून, हवा दमट राखून काही लोक ते सांभाळतात. पण त्याचा शेंडा एकदा मोडला की झाडाची ती सरळ ठेवण पुन्हा येत नाही. मधल्या सुटीत चेंडू कुठे कुठे जातो ते मी रोज पाहते. आपल्या शाळेला हे झाड परवडायचे नाही.

मग आपले झाड कोणते? अहो, ते तुमच्या पुस्तकातच आहे! 'विद्या' म्हणून ज्याची डहाळी तुम्ही पानात जपून ठेवता, ते मोरपंखी. ते चीनकडून आलेले, पण अस्सल सूचिपर्णी कुळातले आहे. त्याची पाने सुईसारखी नसून बारीक खवल्यांची असतात, आणि डहाळ्या पुस्तकाची पाने उभी धरावीत तशा चपट्या नि उभ्या वाढतात. ऊन सोसते, चुनखडीची जमीन सोसते, मुळे धरल्यावर पाण्याचा थोडा ताणही सोसते. आकार आपोआप निमुळता. नाताळच्या झाडाला आणखी काय पाहिजे?

कुंडी विकत घ्यायची गरज नाही. तेलाचा 15 किलोचा रिकामा डबा घ्या, धुऊन काढा. बुडाला खिळ्याने सहा-सात भोके पाडा. प्रत्येक भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. माती मात्र नुसती काळी भरू नका. आपली काळी माती पिकाला सोन्यासारखी, डब्यात मात्र त्रासाची. ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून डब्याच्या कडेपासून सुटते, आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. आपण म्हणतो पाणी दिले, आणि झाड तहानलेलेच! म्हणून काळी माती एक वाटा, चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू दोन वाटे आणि पुरते कुजलेले शेणखत एक वाटा असे मिसळा. वर चार बोटे जागा मोकळी ठेवा.

पाणी घड्याळ बघून देऊ नये, बोटाने विचारून द्यावे. बोट मातीत दोन पेरे खुपसा. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडे लागले तर खालून पाझरेपर्यंत द्यावे. थंडीत आठवड्यातून दोनदा पुरते. उन्हाळ्यात रोज किंवा एक दिवसाआड, तेही सकाळी लवकर.

इथे कुणी म्हणेल, "प्यायला पाणी नाही आणि झाडाला कुठलं घालता?" बोलणे खोटे नाही. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरची माय दूरवरून घागर आणते, तिच्या घागरीतले पाणी शोभेच्या झाडाला घालावे असे मी म्हणणार नाही. पण पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी रोज मोरीत जाते. तुमच्या बाटल्यांत घरी जाताना घोट-दोन घोट उरते. तेवढे एका बादलीत जमा केले की आपल्या डब्याची सोय झाली. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र नको. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर येतो. तो वरवर खरवडून काढावा, आणि पावसाळ्यात डबा उघड्यावर ठेवावा, म्हणजे उरलेला क्षार धुऊन जातो.

सजावटीसाठी झाड आठ-दहा दिवस वर्गात ठेवा, एरवी त्याची जागा अंगणातल्या उन्हात. दर सोमवारी परिपाठानंतर डबा थोडा फिरवावा, म्हणजे चारी बाजूंना ऊन लागते आणि झाड एकीकडे कलत नाही. सजावट हलकी हवी. कडब्याच्या धाटातला भेंड काढून चांदण्या करा, कागदाच्या साखळ्या करा, बर्फ म्हणून कापूस नुसता वर ठेवा, खळीने चिकटवू नका. तार आवळून बांधायची नाही, मेणबत्ती तर मुळीच लावायची नाही. मोरपंखीत तेल असते, ते भडकन पेटते.

आणि आता तुमची तक्रार. विद्येसाठी जो तो खालची डहाळी तोडतो. मोरपंखीच्या उघड्या पडलेल्या जून फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही म्हटले तरी चालेल. शेंड्याकडून ते वाढते, पण खालचे भगदाड तसेच राहते. आतल्या बाजूची जुनी पाने दरवर्षी आपणहून तांबूस होऊन गळतात. ती उचला, पुस्तकात ठेवा, विद्या तितकीच येते.

बाहेरचे शेंडे करपू लागले तर मात्र तपास करावा. एक तर तहान, नाहीतर मुळाशी पाणी साचले. तिसरे कारण लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून डहाळी झटका. कागदावर तांबडे ठिपके चालू लागले तर कोळीच समजावा. दोन-तीन दिवस सकाळी आतल्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारला की तो बराच हटतो.

मे महिन्याची सुटी हा खरा घाट. पत्र्याचा डबा तापून मुळे भाजतात, म्हणून भोवती ओले गोणपाट गुंडाळा आणि डबा भिंतीच्या पूर्व बाजूला ठेवा, म्हणजे दुपारची सावली मिळते. शेजारी विटांवर पाण्याचे मडके ठेवा. जुन्या सुती धोतराची वात करून तिचे एक टोक मडक्याच्या तळाशी, दुसरे मातीत चार बोटे पुरा. थेंब थेंब पाणी झिरपत राहते. मडके भरायला शाळेजवळच्या मुलांनी पाळी लावून घ्यावी.

दोन वर्षांनी मृगाचा पाऊस झाला की माती बदला. पुढे डबा अपुरा पडला की झाड आवारात लावून टाका. तोवर त्याला निळसर हिरवी, शिंगे असलेली बोंडे धरलेली असतील. ती तपकिरी होऊन उकलली की आतले बी पिशवीत पेरा. पुढच्या डब्याचे रोप त्यातूनच मिळेल.